सुप्त शत्रूचा माग काढणारे डॉ. गुडपास्चर

ताप उतरू लागला की पुष्कळांच्या ओठांच्या कडेला बारीक, पाण्याने भरलेले फोड उठतात. आठ-दहा दिवसांत ते वाळतात आणि माणूस त्यांना विसरून जातो. पुढे कधी पुन्हा ताप आला किंवा ऊन बाधले, म्हणजे बहुधा त्याच जागी तेच फोड पुनश्च दिसू लागतात. हर्पीज नावाच्या विषाणूमुळे ते येतात. परंतु मधल्या काळात, त्वचा अगदी निर्मळ दिसत असता, हा विषाणू राहतो तरी कोठे? या प्रश्नाच्या उत्तराची दिशा ज्यांनी प्रयोगाने दाखविली, त्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा, डॉ. अर्नेस्ट विल्यम गुडपास्चर यांचा, अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1886 रोजी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल गावाजवळ झाला. वडील वकील असून इतिहासाचे व्यासंगी होते. 1907 साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर अर्नेस्ट यांनी वर्षभर एका शाळेत शिक्षकाचे काम केले, आणि मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 1912 साली ते डॉक्टर झाले. रोग्याला औषध देण्यापेक्षा रोगाने शरीरात नेमके काय बिघडते, हे शोधण्याकडे त्यांचा ओढा होता. म्हणून त्यांनी विकृतिशास्त्राची वाट धरली.

पहिल्या महायुद्धात ते आरमाराच्या वैद्यकीय सेवेत होते. 1918 साली इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली, तेव्हा बोस्टनजवळच्या आरमारी रुग्णालयात मृत रुग्णांची शवविच्छेदने त्यांनी केली. त्यांतील अठरा वर्षांच्या एका तरुणाची फुप्फुसे व मूत्रपिंडे वेगळ्याच रीतीने बिघडलेली त्यांना आढळली. ती हकीकत त्यांनी 1919 साली प्रसिद्ध केली. पुढे 1958 साली इतर डॉक्टरांनी तशा विकाराला गुडपास्चर यांचे नाव दिले. आज वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना मुख्यतः याच नावाने ओळखतात. पण त्यांचे खरे मोठे काम निराळे होते.

1922 साली पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी हर्पीजचा अभ्यास हाती घेतला. विषाणू इतका सूक्ष्म, की त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नसे. तेव्हा त्याने केलेल्या नासाडीवरूनच त्याचा माग काढणे भाग होते. त्यांनी व त्यांचे सहकारी ऑस्कर टीग यांनी सशांच्या शरीरात ठिकठिकाणी हा विषाणू टोचला आणि नंतर मेंदूचे पातळ छेद घेऊन तपासले. जबड्याच्या स्नायूत टोचला असता, त्या स्नायूचा मज्जातंतू मेंदूत जेथे शिरतो, नेमकी तीच जागा बिघडलेली दिसली. विषाणू रक्तातून पसरला असता तर नासाडी अशी एका जागी राहिली नसती. तो मज्जातंतूच्या वाटेने चालत गेला होता! हे निष्कर्ष 1923 साली प्रसिद्ध झाले.

1929 साली गुडपास्चर यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्वचेतून शिरलेला विषाणू मज्जातंतूच्या वाटेने आत जातो, कवटीच्या तळाशी वा पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यात निपचित पडून राहतो, आणि संधी मिळताच आल्या वाटेने परततो, असे त्यांनी मांडले. तर्क सयुक्तिक होता. पण स्वस्थ माणसाच्या त्या पुंजक्यातून विषाणू काढून दाखविणे तेव्हा कोणालाच साधले नव्हते.

पुरावा हाती नाही म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. 1924 पासून ते नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्टमध्ये प्राध्यापक होते. विषाणू फक्त जिवंत पेशींतच वाढतो, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला प्राणी लागत. 1931 साली ॲलिस वुड्रफ प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी कोंबडीच्या उबविलेल्या अंड्याच्या कवचाला लहानशी खिडकी पाडली आणि आतील पडद्यावर विषाणू वाढवून दाखविले. स्वस्त, निर्जंतुक अशी ही प्रयोगशाळा निसर्गाने आयतीच बांधून ठेवली होती. पीतज्वराची लस याच मार्गाने तयार झाली, आणि इन्फ्लुएन्झाच्या बहुतेक लसी आजही अंड्यांतच तयार होतात. 1934 साली क्लॉड जॉन्सन यांच्यासह त्यांनी गालगुंडाचे कारण विषाणू आहे, हेही सिद्ध केले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना लाभले नाही. 20 सप्टेंबर 1960 रोजी नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, 1971 साली, स्टीव्हन्स व कुक या शास्त्रज्ञांनी बऱ्या झालेल्या उंदरांच्या कण्यालगतचे पुंजके काढून प्रयोगशाळेत जिवंत ठेवले. आरंभी त्यांत विषाणूचा मागमूस नव्हता. काही दिवसांनी तो जागा झाला. 1972 साली मृत माणसांच्या, चेहऱ्याच्या मज्जातंतूवरील पुंजक्यातूनही तो मिळाला. कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला. तोही असाच दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो.

1929 साली मांडलेला तर्क सिद्ध होण्यास सुमारे साडेतीन तपांचा काळ लागला, आणि तो मांडणारा पुरुष ते पाहण्यास उरला नव्हता. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेचा निकाल महिन्या-दोन महिन्यांत हाती येतो. ज्ञानाच्या कामाचा निकाल कधी कधी करणाऱ्याच्या हयातीत लागतच नाही. असे असूनही जो आपल्या वाट्याचे काम चोख करून ठेवतो, त्याच्याच पायरीवर पाय ठेवून पुढचा माणूस वर चढतो. गुडपास्चर यांच्या चरित्रातून आम्हांस हेच घेण्यासारखे वाटते.