बापाची कंपनी, पोराची गाडी

समजा, तुम्ही नांदेडला मेकॅनिकलला आहात किंवा लातूरच्या आयटीआयत. चौघांनी पैसे काढून भंगारातून एक जुनी जीप आणली. मागचं सगळं कापलं, पत्र्याचा हौदा चढवला, झाली पिकअप तयार. इंजिनही पहिल्याच सेल्फला लागलं. आता वीस पावलं मागे जा आणि गाडीकडे बघा. काहीतरी चुकलंय ना? केबिन उंच, हौदा लांबच लांब, चाकं बारकी. लग्नात काकाचा कोट घालून आलेल्या पोरासारखी दिसतेय गाडी.

मग आपण काय करतो? मॅट काळा रंग मारतो, स्टिकर लावतो, एलईडीच्या माळा सोडतो. कोट अजून काकाचाच.

हा कोट अंगाबरोबर कसा बेतायचा, हे ज्याच्या नजरेला कळायचं अशा एका माणसाची ही गोष्ट. नाव एड्सेल फोर्ड. आडनाव ओळखीचं आहे. हेन्री फोर्डचा एकुलता एक मुलगा.

एड्सेलचा जन्म 6 नोव्हेंबर 1893चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा. तो अडीच वर्षांचा असताना वडिलांनी घरामागच्या शेडमध्ये आपली पहिली गाडी बांधली. सायकलसारखी चार चाकं, वर बसायला एक सीट, बस्स. बांधून झाल्यावर लक्षात आलं की ती शेडच्या दारातून बाहेरच निघत नाही. हेन्रीने कुऱ्हाड घेतली आणि भिंत फोडली. म्हणजे जगातल्या एका सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीची सुरुवातही घरगुती जुगाडातूनच झाली, आणि मापं तिथेही चुकली होती.

पोरगं गाड्यांतच वाढलं. मासिकांतली गाड्यांची चित्रं कापून वहीत चिकटवायचं, स्वतःही काढायचं. बापाला गाडीत यंत्र दिसायचं, पोराला आकार. 1915च्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर डेट्रॉइटहून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडी हाणत गेला. रस्ते कसले, बहुतेक ठिकाणी गाडीवाटाच. कॉलेजात मात्र तो कधी गेला नाही. वडिलांच्या कारखान्यात रुजू झाला आणि 1919मध्ये, वयाच्या पंचविशीत, फोर्ड कंपनीचा अध्यक्ष बनला.

भारी वाटतं ना? थांबा. आपल्याकडे गंजगोलाईत किंवा वजिराबादेत काही दुकानं असतात बघा, पाटीवर मुलाचं नाव आणि गल्ल्यावर वडीलच बसलेले. एड्सेलचं तसंच झालं. सही त्याची, शब्द हेन्रीचा. मुलाने सहा सिलिंडरचं इंजिन बनवायला घेतलं, तर बापाने तो नमुना भंगारात काढायला लावला, असं त्या कारखान्यातल्या इंजिनिअरनेच पुढे सांगून ठेवलंय. हायड्रॉलिक ब्रेक घ्या म्हणून एड्सेल मागे लागलेला. हेन्रीचा विश्वास लोखंडी सळ्यांवर. फोर्डच्या गाड्यांना ते ब्रेक यायला 1939 साल उजाडलं, स्पर्धक केव्हाच पुढे गेले होते. पाटेसुद्धा हेन्री आडवेच बसवायचा, अगदी शेवटपर्यंत.

यंत्राला हात लावायची मुभा नव्हती. पण गाडी दिसते कशी, यात म्हाताऱ्याला फारसा रस नव्हता. एवढीच एक फट उघडी होती. एड्सेल त्या फटीतून आत शिरला.

1922मध्ये फोर्डने लिंकन ही महागड्या गाड्यांची कंपनी विकत घेतली, तिथे त्याला थोडी मोकळीक मिळाली. इकडे मॉडेल टी 1908पासून जवळपास त्याच रूपात विकली जात होती. उंच, काटकुळी, आणि मधली बरीच वर्षं फक्त काळी. 1925मध्ये फोर्डने तिच्यामागे कारखान्यातच हौदा बसवून दिला. किंमत 281 डॉलर. फोर्डच्या कारखान्यातून तयार होऊन निघालेली ही पहिली पिकअप. शेतकऱ्यांनी उचलली, पण दिसायला ती म्हणजे तुमची ती जीपच. पुढे एक गाडी, मागे एक पेटी, दोघींची ओळख नाही.

1927मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली. नव्या मॉडेल एचं यंत्र हेन्रीचं आणि रूप एड्सेलचं. त्याने लिंकनचा तोंडवळा स्वस्त गाडीला दिला, गाडी खाली आणली, रंग आणले. लोकांच्या रांगा लागल्या. मग आली 1932ची फोर्ड. व्ही-एट इंजिन, 65 हॉर्सपॉवर. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर मॉडेल एपेक्षा अडीच इंचांनी वाढवलेलं. अडीच इंच म्हणजे किती, तर तुमच्या हाताची तीन-चार बोटं. पण फोटो शेजारी ठेवून बघा, एक गाडी उभी वाटते आणि दुसरी निघालेली. शिवाय तिच्या चासीचा बाजूचा पत्रा बाहेरून दिसणारा होता, म्हणून त्यावर एक सुबक खोलगट रेघ दिली होती. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

याच सुमारास एड्सेलला एक जोडीदार भेटला. युजीन ग्रेगरी, सगळे त्याला बॉब म्हणायचे. वय पंचविशीच्या आतबाहेर, मूळचा बोटींचे आराखडे काढणारा. एड्सेलला युरोपातल्या बुटक्या, लांब नाकाच्या स्पोर्ट्स गाड्यांचं वेड. बॉबने त्याच्यासाठी 1932च्या फोर्डवर एक गाडी करून दिली. दोनच वर्षांत एड्सेलने दुसरी मागितली, आणखी खाली बसलेली.

1934ची ही स्पीडस्टर नीट बघा, कारण तुमच्या पिकअपचं उत्तर हिच्यात आहे. इंजिन साधंच, बाजारात मिळणाऱ्या फोर्डचं. कंपनीच्या विमान विभागातल्या कारागिरांनी अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बॉडी केली. पण खरी करामत पत्र्याखाली होती. चासी मागच्या अॅक्सलच्या वरून न नेता खालून नेली. त्यामुळे अख्खी गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी खाली बसली. बसायची जागा मागे सरकली आणि बोनेट लांब दिसू लागलं. बाजूच्या पायऱ्या गायब. मडगार्ड चाकापुरतीच. लावलं काही नाही, सगळं काढलं किंवा सरकवलं.

आता हेच तुमच्या गाडीला लावून बघा. घरगुती पिकअप बहुतेक वेळा तीन-चार ठिकाणी फसते. पुढचं चाक फार मागे राहतं आणि नाक वजनदार दिसतं. चाक रेडिएटरच्या रेषेजवळ आलं की गाडी हलकी होते. केबिनचे खांब दोन-तीन इंच कापून टप खाली आणला की कपाळ आटोपशीर दिसतं. पण खिडकीच मारून टाकाल इतकं कापू नका, ती चूक पोरं हमखास करतात. हौदा मात्र बिनधास्त आखूड करा. मागचं चाक हौद्याच्या कमानीत बरोबर मध्ये यायला हवं, आणि हौद्याची वरची कड केबिनच्या खिडकीखालच्या रेषेशी बोलायला हवी. एक रेषा बोनेटपासून फाळक्यापर्यंत डोळ्याने ओढता आली पाहिजे. तुटली तर समजा की पेटी वेगळी, गाडी वेगळी. मागचे टायर मोठे, पुढचे थोडे लहान, म्हणजे गाडी नाक खाली करून उभी राहते. हे सगळं ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी करायचं. बाजूने फोटो काढा, प्रिंट घ्या, कात्रीने कापा, सरकवा, चिकटवा. कागद चुकला तर दोन रुपये जातात. चासी चुकली तर लांबी भरून भागत नाही.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 माहीत असू द्या. नोंदणी असलेल्या गाडीचं मूळ रूप असं मनाने बदलता येत नाही. त्यामुळे हा खेळ कॉलेजच्या प्रोजेक्टपुरता, आवारात. रस्त्यावर काढलीत तर आरटीओ ऐकून घेणार नाही.

बॉबसुद्धा कागदावरच खेळायचा. लिंकनची झेफिर नावाची गाडी होती. तिच्या आराखड्यावर त्याने तासाभरात नव्या रेषा मारल्या. बोनेट लांब, बॉडी खाली, जादा चाक मागे उभं. 1939च्या वसंतात ती तयार गाडी एड्सेलच्या फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी पोचली, आणि ओळखीपाळखीचे सगळे आम्हालाही हवी म्हणून मागे लागले. हीच लिंकन कॉन्टिनेंटल. 1951मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने कला म्हणून ज्या आठ मोटारी मांडल्या, त्यात ही होती. एड्सेलची नजर एकट्या गाड्यांपुरती नव्हती. डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात दिएगो रिवेराने कामगारांची भलीमोठी भित्तिचित्रं काढली, त्यांचे पैसे त्याने दिले. ती पुसून टाका म्हणून गावात ओरडा झाला, तेव्हा तो चित्रांच्या बाजूने उभा राहिला.

बाहेरच्यांपुढे उभा राहणारा हा माणूस घरात कधी आवाज चढवू शकला नाही. वडिलांनी कारखान्यात हॅरी बेनेट नावाच्या दांडगट माणसाला डोक्यावर बसवलं, तेही त्याने गिळलं. पोटाचा त्रास वाढत गेला, कॅन्सर निघाला. 26 मे 1943ला एड्सेल गेला. वय 49. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, 26 मेलाच, बापलेक दीड कोटीव्या मॉडेल टीमध्ये शेजारी बसून कारखान्याबाहेर आले होते. ऐंशीला टेकलेला हेन्री पुन्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला.

महायुद्ध संपलं. सैन्यातून परतलेल्या कॅलिफोर्नियातल्या पोरांना वेगाची खाज होती आणि खिशात पैसे बेताचे. भंगारात सगळ्यात स्वस्त काय, तर जुन्या फोर्ड. पोरांनी मडगार्ड काढून फेकली, टप कापले, हौदे आखूड केले, बॉडी चासीवर खाली उतरवली आणि कोरड्या तलावांच्या सपाट तळावर गाड्या पळवल्या. यालाच हॉट रॉड म्हणतात. 1948मध्ये तर त्या नावाचं मासिकच निघालं. त्यांची सगळ्यात लाडकी गाडी 1932ची. ती रेघ आठवतेय ना? मडगार्ड काढल्यावर इतर गाड्यांची चासी उघडीबोडकी दिसायची. हिची दिसत नव्हती.

1957मध्ये फोर्डने एड्सेल नावाची गाडी काढली. ती इतकी आपटली की दोन वर्षांत बंद झाली. तिच्या विचित्र जाळीवर लोक अजून हसतात. ती जाळी ज्याच्या नावावर खपते, त्याला जाऊन तेव्हा 14 वर्षं झाली होती. त्याची 1934ची स्पीडस्टर मात्र आज डेट्रॉइटजवळच्या तळ्याकाठी, त्याच्याच राहत्या घराच्या संग्रहालयात आहे. इंटरनेटवर तिचा बाजूने काढलेला फोटो सापडेल. प्रिंट काढा आणि पट्टी घेऊन बसा.