शियापारेल्ली आणि तुटणारे तारे

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जोव्हान्नी शियापारेल्ली हे नाव मंगळावरच्या कालव्यांपाशी भेटते आणि तिथेच संपते. चुकीमुळे लक्षात राहिलेला माणूस, एवढीच त्याची ओळख मलाही होती. आमच्या ग्रंथालयात खगोलशास्त्राची पुस्तके चाळताना त्याचे खरे काम कळले. ते मला फार जवळचे वाटले, कारण त्याची सुरुवात वडिलांना न आलेल्या एका उत्तराने होते.

आजच्या इटलीतील साविल्यानो गावी १४ मार्च १८३५ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणी वडील त्याला रात्री नक्षत्रे दाखवीत. एकदा तारे तुटताना पाहून, हे काय, असे त्याने विचारले. ते देवालाच ठाऊक, असे वडील म्हणाले. ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसून मीही दादांना हेच विचारले होते आणि जवळजवळ हेच उत्तर मिळाले होते. मी प्रश्न विसरून गेलो. तो विसरला नाही.

१८५४ मध्ये तुरीनहून तो इंजिनिअर झाला, पण मन आकाशात. काही काळ गणित शिकवले, मग सरकारी मदतीवर बर्लिन आणि पुल्कोव्हो येथे खगोलशास्त्र शिकला. १८६० मध्ये मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत आला आणि दोनच वर्षांत तिचा संचालक झाला. तेव्हा त्याचे वय होते २७!

दरवर्षी ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या सुमारास ययाती तारकासमूहाच्या दिशेने उल्कावर्षाव होतो, हे तेव्हा माहीत झालेले होते. संध्याकाळपेक्षा पहाटे उल्का जास्त दिसतात, हेही. आमच्याकडे राखणीला जाणाऱ्या कोणालाही हे सांगता येईल. शियापारेल्लीने मात्र या साध्या गोष्टीतून गणित काढले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. मध्यरात्रीनंतर आपण तिच्या पुढच्या बाजूला येऊ लागतो. पावसात सायकल हाणताना पाठीपेक्षा छाती जास्त भिजते, तसेच हे. उल्का फार मंद असत्या तर संध्याकाळी जवळजवळ दिसल्याच नसत्या. फार वेगवान असत्या तर संध्याकाळ-पहाट असा फरकच राहिला नसता. दोन्ही वेळच्या संख्येवरून त्याने उल्कांचा वेग पृथ्वीच्या सुमारे १.४ पट ठरवला. हा तर धूमकेतूंचा वेग! मग त्याने ऑगस्टमधल्या उल्कांची कक्षा मांडली. ती १८६२ साली दिसलेल्या स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कक्षेशी जुळली. १८६६ मध्ये रोममधील खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांना लिहिलेल्या पत्रांतून त्याने हे जाहीर केले. तुटणारा तारा म्हणजे धूमकेतूने वाटेत सांडलेला कण, हे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्याला वयाच्या एकतिसाव्या वर्षी मिळाले.

१८७७ मध्ये त्याने मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना 'कानाली' म्हटले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो. इंग्रजीत त्याचे कालवे झाले, आणि कालवे म्हटले की खोदणारेही आलेच. त्या रेषा दृष्टिभ्रम होत्या हे पुढे ठरले. पण जगाने कालवे लक्षात ठेवले आणि उल्का विसरल्या, हा मला अन्याय वाटतो. दृष्टी अधू झाल्यावर १९०० मध्ये तो निवृत्त झाला आणि प्राचीन लोकांच्या खगोलज्ञानाचा अभ्यास करीत बसला. ४ जुलै १९१० रोजी मिलानमध्ये तो वारला. त्याचा धूमकेतू १९९२ मध्ये पुन्हा येऊन गेला.

ऑगस्टचा वर्षाव आपल्याकडे श्रावणाच्या ढगांत बुडतो. आपल्याला सोयीचा डिसेंबरचा, १३-१४ तारखेचा. रात्री दोनच्या सुमारास मिथुन रास डोक्यावर येते. चंद्र नसेल आणि गावाचे दिवे दूर असतील तर दुर्बिणीचीही गरज नाही.

गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून गावी गेलो आणि मचाणावर दादांना हे सगळे सांगितले. सायकल आणि पाऊस त्यांना लगेच पटले. धूमकेतूविषयी ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, की एवढे कळले आहे तर उत्तररात्रीची पाळी आता माझीच. आणि घोंगडी डोक्यावर ओढून झोपले.