विडाल : एका नावामागील वैद्य

गोमंतकात पावसाळा लागला आणि घरातील मूल चार दिवस तापाने फणफणले, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘विडाल’ हा शब्द दिसतो. ते एखाद्या औषधाचे नाव असावे, असा आमचाही लहानपणी समज होता. ते एका माणसाचे आडनाव आहे हे कळल्यावर त्या माणसाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, असे वाटले.

फेर्नां विडाल यांचा जन्म ९ मार्च १८६२ रोजी अल्जीरियातील देलिस या किनाऱ्यावरील गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी पॅरिसमध्ये घेतले व पुढील आयुष्यही तेथील रुग्णालयांतच वेचले. विषमज्वराचा जंतू एबर्ट यांनी १८८० साली पाहिला होता आणि १८८४ मध्ये गाफ्की यांनी तो वाढवूनही दाखविला होता. तरी खाटेवरील रोग्याचा ताप विषमज्वराचाच की हिवतापाचा, हे ठरविणे मोठ्या वैद्यांसही जड जाई.

१८९६ साली व्हिएन्ना येथे ग्रूबर व त्यांचे इंग्रज शिष्य डरहॅम यांनी एक चमत्कार पाहिला. जंतू टोचलेल्या प्राण्याच्या रक्तजलात तेच जंतू सोडले, तर ते एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात. अनोळखी जंतू ओळखण्यास ही युक्ती उपयोगी होती. विडाल यांनी ती उलटी फिरविली. जंतू माहीतच आहे, मग रोग्याचे रक्तजल त्यात घालून का पाहू नये? पुंजके झाले तर विषमज्वर! केवळ बरे झालेल्यांच्याच नव्हे, तर ताप अंगात असलेल्यांच्या रक्तातही ही शक्ती असते, हे त्यांनी २६ जून १८९६ रोजी पॅरिसच्या वैद्यसभेपुढे मांडले. अग्रमानाचा वाद मग झालाच. काही देशांत या परीक्षेस ग्रूबर-विडाल अशी जोडनावे मिळाली.

परंतु ही परीक्षा जंतूस पाहत नाही. शरीराने जंतूस दिलेले उत्तर पाहते, आणि त्या उत्तरास वेळ लागतो. दोन वर्षांमागे आमच्या वर्गातील एका मुलीची ही तपासणी तापाच्या दुसऱ्याच दिवशी झाली. कागदावर ‘निगेटिव्ह’ आले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आठवड्याने तिला इस्पितळात न्यावे लागले. तेथे रक्तातील जंतू वाढवून पाहिले तेव्हा विषमज्वर ठरला. ती बरी झाली, पण सहामाही परीक्षेस मुकली. कागद खोटे बोलला नव्हता. प्रतिपिंडे बहुधा पहिला आठवडा सरता सरता दिसू लागतात, इतकेच. उलटपक्षी, जेथे हा ताप नित्याचा आहे तेथे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती जुन्या आजाराची वा लसीची खूण म्हणून सापडतात. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रमाण चौपट वाढले तरच ग्राह्य धरावे, असा दंडक आहे. तो पाळला जातो क्वचित, कारण रोग्यास तेवढा धीर कोठचा!

हीच अडचण विषाणूंच्या बाबतीतही आली. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत प्रतिपिंडे दाखविणारे संच आले. निकालांत फार तफावत आढळल्याने त्यांपैकी काहींचा वापर थांबविण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेस त्याच महिन्यात राज्यांना सांगावे लागले. डेंग्यूच्या तापातही पहिल्या दिवसांत विषाणूचा अंश शोधावा लागतो, प्रतिपिंडे मागाहून.

विडाल मात्र एका शोधावर थांबले नाहीत. मूत्रपिंडाच्या विकारात अंगावर येणाऱ्या सुजेस मीठ कारण होते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९०३ च्या सुमारास दाखवून दिले. १४ जानेवारी १९२९ रोजी पॅरिस येथे ते निवर्तले. आमच्याकडे सूज आलेल्या आजोबांपुढे अळणी पेजेची वाटी ठेवली जाते आणि ते कुरकुरतात, तेव्हा त्या वाटीमागेही हाच वैद्य उभा असतो. फक्त तेथे त्याचे नाव कोणी घेत नाही.