रुग्णसेविका सावित्रीबाई फुले

आपल्या उपनगरांतील जुन्या गावठाणांतून फिरताना वाटेत जे दगडी क्रूस दिसतात, त्यांपैकी कित्येक प्लेगच्या साथीत भाविकांनी उभारलेले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. लोक त्यास ग्रंथिक सन्निपात म्हणत. काखेत किंवा जांघेत गाठ येई, ताप चढे आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. भयभीत लोक शहर सोडू लागले व साथ पुण्यासही पोहोचली. तेथे रोग्यांची शुश्रूषा करता करता जिने देह ठेविला, त्या माउलीचे चरित्र या महोत्सवी स्मरणिकेत सादर करीत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांस लिहावयास वाचावयास शिकविले; पुढे अहमदनगर येथे मिस फॅरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यातील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत लोक अंगावर शेण फेकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून मुलींस शिकवीत.

रुग्णसेवेचे धडे मात्र त्यांनी कोणत्या इस्पितळात नव्हे, तर आपल्या घरीच गिरविले. त्या काळी एखादी तरुण विधवा फसविली जाऊन गरोदर राहिली, तर मूल मारण्यावाचून किंवा स्वतः जीव देण्यावाचून तिला गत्यंतर नसे. अशा अभागिनींसाठी या दांपत्याने १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिले. तेथे आलेल्या स्त्रियांची बाळंतपणे सावित्रीबाई स्वतः पाहत. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस तेथे पुत्र झाला. स्वतःस अपत्य नसलेल्या सावित्रीबाईंनी त्यास पोटाशी धरिले. हाच त्यांचा दत्तक पुत्र यशवंत पुढे डॉक्टर झाला.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. त्या घरच्या गृहिणीस विटाळ ठाऊक नव्हता. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या उपाशी मुलांसाठी झटल्या. १८९० साली जोतीराव निवर्तले, तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवे धरून त्या स्वतः चालल्या.

प्लेग पुण्यात आला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. या वयात आजीबाईने ओसरीवर बसून नातवंडांस गोष्टी सांगाव्यात, अशीच जगाची अपेक्षा असते. सावित्रीबाईंनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंतास बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडिला. हाफकिन यांनी आपली लस जानेवारी १८९७ मध्येच मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेतली होती; परंतु जडलेला प्लेग बरा करील असे औषध तेव्हा कोणापाशीच नव्हते. पाणी पाजणे, अंग पुसणे, मळ काढणे, धीर देणे एवढेच करता येत असे. आणि नेमके तेच करावयास सख्खे नातलगही धजत नसत.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या संसर्गाने त्यांसही प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

मनुष्यास मनुष्यापासून दूर ठेवणाऱ्या भीती त्या काळी दोन होत्या: एक विटाळाची, दुसरी संसर्गाची. पहिली खोटी होती, दुसरी अगदी खरी. सावित्रीबाईंनी खोटी भीती तरुणपणीच झुगारली होती. खरी भीती पुरती ओळखूनही त्यांनी म्हातारपणी आपली पाठ पुढे केली.

आज प्लेगवर औषधे आहेत. पण अंथरुणाला खिळलेल्यांची उणीव अजून कोणत्याही धर्मग्रामात नाही. त्यांच्या उशाशी रात्री जागणाऱ्या परिचारिका व वृद्ध माता आपल्यातही आहेत. त्यांच्या सेवेचे मोल कोणते, हे या चरित्रावरून वाचकांनी जाणावे, आणि आपल्या शेजारचे दार आजच ठोठावावे.