विश्लेषण : सरकार विसरले, मैत्रिणींनी सांभाळले! उमेको त्सुदा यांचे महिला महाविद्यालय कसे उभे राहिले?

जपानमध्ये जुलै २०२४ मध्ये चलनात आलेल्या पाच हजार येनच्या नव्या नोटेवर एका शिक्षिकेचा चेहरा आहे. उमेको त्सुदा हे त्यांचे नाव. तोक्योजवळच्या कोदाइरा येथील त्सुदा विद्यापीठ या महिलांच्या नामवंत शिक्षणसंस्थेच्या त्या संस्थापक. त्यांचे निधन १९२९ मध्ये झाले. संस्था सुरू झाली तेव्हा त्यांच्यामागे ना सरकार होते, ना एखादा मोठा उद्योगपती. होत्या त्या एकमेकींशी संपर्क तुटू न देणाऱ्या जुन्या वर्गमैत्रिणी, परदेशातील स्नेही आणि नंतर शाळेच्या माजी विद्यार्थिनी. हे जाळे कसे विणले गेले आणि संकटात कसे कामी आले, याचा हा आढावा.

सहा वर्षांच्या मुलीला अमेरिकेला का पाठवले?

उमेको यांचा जन्म डिसेंबर १८६४ मध्ये एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये झाला. वडील सेन त्सुदा हे सामुराई कुळातील, पण इंग्रजी शिकलेले. दुभाषी म्हणून ते १८६७ मध्ये अमेरिकेला जाऊन आले होते. पुढे आधुनिक शेतीचे जाणकार म्हणून त्यांनी नाव मिळवले. मेइजी राजवटीला देश झपाट्याने आधुनिक करायचा होता. पुढची पिढी घडवायची तर आया शिकलेल्या हव्यात, असा विचार पुढे आला. त्यासाठी होक्काइदोच्या विकासाचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याने पाच मुलींना दहा वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले.

२३ डिसेंबर १८७१ रोजी इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर या मुली योकोहामाहून बोटीने निघाल्या. त्यांत उमेको सर्वांत लहान होत्या. वयाची सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात चार्ल्स आणि अ‍ॅडलिन लॅनमन या निपुत्रिक दाम्पत्याने त्यांना पोटच्या मुलीसारखे वाढवले. शाळा, पियानो, पुस्तके सारे मिळाले. मात्र मायबोली हळूहळू विसरली गेली.

मायदेशी परतल्यावर काय वाढून ठेवले होते?

उमेको १८८२ च्या नोव्हेंबरमध्ये परतल्या तेव्हा आईशी बोलायलाही दुभाषी लागावा, अशी अवस्था होती. त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. ज्या खात्याने त्यांना पाठवले, तेच त्या वर्षी बंद झाले होते. सोबत गेलेल्या मुलग्यांना सरकारी पदे मिळत होती. मुलींनी काय करायचे, याचा विचार मात्र कोणी केलाच नव्हता. दहा वर्षांचा खर्च करून सरकार त्यांना विसरले होते.

लग्न हा एकच मार्ग समोर होता आणि तो उमेको यांना नको होता. इतो हिरोबुमी हे पुढे जपानचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्या घरी उमेको यांनी काही काळ शिकवणी केली. १८८५ मध्ये उमराव घराण्यांतील मुलींसाठी सरकारी शाळा निघाली, तेथे त्या इंग्रजीच्या शिक्षिका झाल्या. पगार चांगला होता, मान होता. पण बहुतेक मुलींसाठी शाळा म्हणजे लग्नापर्यंतचा मुक्काम होता आणि हे त्यांना खटकत राहिले.

तिघींचे नाते का महत्त्वाचे?

पाच मुलींपैकी दोन मोठ्या मुली प्रकृतीच्या कारणाने काही महिन्यांतच परतल्या होत्या. उरल्या तिघी : सुतेमात्सु यामाकावा, शिगे नागाइ आणि उमेको. अमेरिकेत तिघी वेगवेगळ्या घरी वाढल्या, तरी त्यांनी संबंध सोडला नाही. सुतेमात्सु यांनी १८८२ मध्ये व्हासार महाविद्यालयाची पदवी घेतली. अमेरिकी महाविद्यालयाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी महिला. शिगे यांनी व्हासारमध्येच संगीताचे शिक्षण घेतले.

जपानमध्ये सुतेमात्सु यांचे लग्न युद्धमंत्री इवाओ ओयामा यांच्याशी झाले, शिगे यांचे एका नौदल अधिकाऱ्याशी. उमेको अविवाहित राहिल्या. तिघींच्या वाटा वेगळ्या झाल्या, तरी मुलींसाठी स्वतःची शाळा काढायची हा विषय त्यांच्यात कायम राहिला. एकीकडे समाजातील वजन आणि ओळखी, दुसरीकडे शिकवण्याचा ध्यास असे बळ यातून एकत्र आले. सुतेमात्सु न्यू हेवनला ज्या बेकन कुटुंबात वाढल्या, तेथील कन्या अ‍ॅलिस बेकन याही या वर्तुळात आल्या.

ब्रिन मॉर महाविद्यालयाने काय दिले?

पदवीशिवाय आपले काम पुढे जाणार नाही, हे उमेको यांच्या लक्षात आले. रजा घेऊन १८८९ मध्ये त्या फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी जीवशास्त्र निवडले. पुढे नोबेल मिळवणारे थॉमस हंट मॉर्गन त्यांचे शिक्षक होते. बेडकाच्या अंड्यांवर दोघांनी मिळून केलेले संशोधन १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत राहून संशोधन करण्याची संधी असूनही त्या १८९२ मध्ये परतल्या.

परतण्याआधी त्यांनी एक महत्त्वाचे काम केले. आपल्याला मिळाले ते दुसऱ्या जपानी मुलींनाही मिळावे, म्हणून त्यांनी सभांमधून बोलून निधी गोळा केला. फिलाडेल्फियातील दानशूर मेरी मॉरिस यांच्या पुढाकाराने महिलांची समिती स्थापन झाली. उद्दिष्ट ८,००० डॉलरचे होते. मुद्दल राखून ठेवायचे आणि व्याजातून एकेका मुलीला शिकवायचे, अशी ती योजना होती.

शिष्यवृत्तीची साखळी कशी चालली?

या शिष्यवृत्तीवर मिचि मात्सुदा सर्वांत आधी गेल्या. त्यांनी पुढे क्योतोच्या दोशिशा महिला महाविद्यालयाची धुरा सांभाळली. मिचि कावाइ ब्रिन मॉरमधून १९०४ मध्ये पदवी घेऊन आल्या, त्यांनी उमेको यांच्या शाळेत शिकवले आणि १९२९ मध्ये केइसेन ही स्वतःची शाळा काढली. आइ होशिनो १९१२ मध्ये पदवीधर झाल्या.

म्हणजे एकीने शिकून परतायचे, तिने दुसरीला तयार करायचे आणि समितीशी पत्रव्यवहार चालू ठेवायचा. त्यामुळे फिलाडेल्फियातील महिलांना आपला पैसा कोणाच्या आयुष्यात कामी आला हे कळत राहिले. आजच्या भाषेत याला ‘अ‍ॅल्युम्नी नेटवर्क’ म्हणता येईल. फरक इतकाच की, महाविद्यालय निघण्याआधीच हे नेटवर्क तयार होते.

दहा विद्यार्थिनींची शाळा कशी सुरू झाली?

जपानमध्ये १८९९ च्या कायद्याने प्रत्येक प्रांतात मुलींची माध्यमिक शाळा काढणे बंधनकारक झाले. त्यासाठी शिकलेल्या शिक्षिका हव्या होत्या. उमेको यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि १४ सप्टेंबर १९०० रोजी तोक्योतील एका भाड्याच्या घरात ‘जोशी एइगाकु जुकु’ म्हणजे महिलांची इंग्रजी विद्याशाळा सुरू केली. विद्यार्थिनी होत्या दहा. घराणे पाहून प्रवेश नव्हता.

अ‍ॅलिस बेकन जपानला आल्या, पोटापुरती नोकरी दुसरीकडे केली आणि येथे बिनपगारी शिकवले. सुतेमात्सु सल्लागार म्हणून पाठीशी राहिल्या. १९०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मैत्रीण अ‍ॅना हार्ट्सहॉर्न आल्या आणि पगार न घेता पुढे १९४० पर्यंत संस्थेसाठी झटल्या. इमारतींसाठीचा पैसा फिलाडेल्फियाची समिती आणि बोस्टनमधील देणगीदारांकडून आला.

१९०३ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. १९०५ मध्ये या शाळेच्या पदवीधरांना वेगळ्या परीक्षेशिवाय इंग्रजी शिकवण्याचा सरकारी परवाना मिळू लागला. खासगी महिला संस्थेला अशी मान्यता मिळण्याची ही पहिलीच वेळ. येथून बाहेर पडलेली शिक्षिका ज्या गावी जाईल, तेथे शाळेचे नाव पोहोचू लागले.

भूकंपानंतर संस्था कशी वाचली?

मधुमेहामुळे १९१७ पासून उमेको यांची प्रकृती ढासळली आणि १९१९ मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले. त्याच वर्षी, शाळेसाठी नवा प्रमुख मिळावा म्हणून धडपडत असतानाच, सुतेमात्सु साथीच्या तापात गेल्या. कोदाइरा येथे नव्या संकुलासाठी जागा घेतली गेली होती. तोच १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भूकंप झाला आणि त्यापाठोपाठच्या आगीत शाळा भस्मसात झाली. संस्थापक अंथरुणावर, इमारत नाही, पैसा नाही. संस्था बंद पडायला एवढे पुरेसे होते.

वयाची साठी ओलांडलेल्या अ‍ॅना हार्ट्सहॉर्न तातडीने अमेरिकेला गेल्या. तीन दशके जपलेले संबंध आता कामाला आले. सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या उमेको यांच्या धाकट्या भगिनी योनाको आबिको यांनीही निधीसाठी मेहनत घेतली. काही वर्षांत सुमारे पाच लाख डॉलर जमले. इकडे तात्पुरत्या शेडमध्ये वर्ग चालू राहिले. कोदाइराची इमारत १९३१ मध्ये पूर्ण झाली. ती पाहायला उमेको नव्हत्या. १६ ऑगस्ट १९२९ रोजी कामाकुरा येथे, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. त्यांची समाधी कोदाइराच्या आवारातच आहे. मुख्य इमारतीला अ‍ॅना हार्ट्सहॉर्न यांचे नाव आहे.

माजी विद्यार्थिनींनी संस्था कशी पुढे नेली?

उमेको यांच्यानंतर सूत्रे आली ती माजी विद्यार्थिनी आइ होशिनो यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. इंग्रजीवरच उभ्या असलेल्या संस्थेवर पुन्हा बंद पडण्याची वेळ आली. होशिनो यांनी १९४३ मध्ये गणित आणि विज्ञानाचे शिक्षण सुरू करून मार्ग काढला. युद्धानंतर देशाची शिक्षणपद्धती नव्याने आखणाऱ्या समितीवर होशिनो आणि मिचि कावाइ दोघीही होत्या. १९४८ मध्ये संस्थेला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. पुढे प्रमुख झालेल्या ताकि फुजिता याही इथल्याच विद्यार्थिनी आणि ब्रिन मॉरच्याही पदवीधर.

१९४७ मध्ये जपानच्या कामगार मंत्रालयात महिलांसाठी विभाग निघाला, त्याच्या पहिल्या प्रमुख किकुए यामाकावा आणि त्यांच्यानंतरच्या ताकि फुजिता. या दोघींच्या शिक्षणाचे मूळ उमेको यांच्या शाळेत होते.

टीका कोणती होते?

उमेको यांची शिस्त कडक होती. मताधिकाराच्या चळवळीपासून आणि ‘सेइतो’ या स्त्रीवादी मासिकाच्या गटापासून त्या दूर राहिल्या. त्या मासिकाशी संबंध ठेवणाऱ्या विद्यार्थिनीबद्दल त्यांना नाराजी होती. मुलींच्या शिक्षणाबद्दल आधीच संशयी असलेल्या समाजात एखाद्या वादाने शाळाच बंद पडेल, ही भीती त्यामागे असावी. शिवाय परदेशी पैशावर आणि इंग्रजीवर असलेला भर सर्वांना रुचणारा नव्हता. समाजवादी विचारांच्या यामाकावा याच शाळेतून घडल्या, पण त्यांची वाट संस्थापकांच्या वाटेहून फार वेगळी होती.

महाराष्ट्राशी धागा कोणता?

उमेको यांना आधार देणारे फिलाडेल्फिया शहर मराठी वाचकांना परके नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये तेथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्यासोबतच्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानच्या केइ ओकामी आहेत. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई तेथे गेल्या होत्या. रमाबाईंनीही अमेरिकेत हिंडून गावोगावी महिलांची मंडळे उभी केली आणि त्यांच्या वार्षिक वर्गणीच्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आणि त्यांच्या कामातील भागीदार झाल्या. कर्वे यांना १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढण्याची प्रेरणा जपानच्याच एका माहितीपुस्तिकेतून मिळाली. मात्र ती उमेको यांच्या शाळेची नव्हे, तर १९०१ मध्ये जिंझो नारुसे यांनी स्थापलेल्या महिला विद्यापीठाची होती.

माळ्यावर काय सापडले?

उमेको यांनी जपानला परतल्यावर अ‍ॅडलिन लॅनमन यांना वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. भाषा विसरल्याची खंत, नोकरीतील कंटाळा, लग्नाच्या स्थळांचा वैताग, शाळेचे मनसुबे असे सारे त्यांत होते. ही शेकडो पत्रे १९८४ मध्ये कोदाइराच्या मुख्य इमारतीच्या माळ्यावर एका पेटीत सापडली आणि १९९१ मध्ये त्यांतील निवडक पत्रांचे पुस्तक निघाले. शाळा निघण्याच्या कितीतरी आधीपासून तिची कल्पना त्यांच्या मनात कशी आकार घेत होती, हे त्यामुळेच आज सांगता येते.