दगड वाचणारा भूवैज्ञानिक : विल्यम ब्लॅनफर्ड

अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काळ्या पाषाणाचे थरावर थर दिसतात. येथे हा बेसाल्ट म्हणजे भूमीचे छप्परच. त्याखाली काय दडले आहे, ते दिसत नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली मात्र हाच पाषाण अनेक ठिकाणी तळाशी जातो आणि त्याच्यावर चुनखडकाचे थर येतात. एकाच खडकाची ही दोन रूपे समजण्याचा पाया ज्यांनी पायी फिरून घातला, त्यांत विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड अग्रणी होते.

७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडनमध्ये जन्मलेले ब्लॅनफर्ड १८५५ मध्ये बंधू हेन्री यांच्यासह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाले. ओरिसातील तालचेर येथे त्यांनी प्राचीन हिमनद्यांच्या खुणा ओळखल्या. पुढे पश्चिम भारतातील बेसाल्टचा त्यांनी अभ्यास केला. तापी व नर्मदा खोऱ्यांवरील त्यांचा ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरत-भडोच परिसरात बेसाल्ट संपून त्यावर नाण्यांसारख्या जीवाश्मांनी भरलेला चुनखडक कसा येतो, याचे वर्णन त्यात आहे. त्यानंतर पश्चिम सिंधमधील चुनखडकांचीही त्यांनी क्रमवारी लावली.

ब्लॅनफर्ड तेल शोधत नव्हते. परंतु विहिरीतून हाती येणारा खडकाचा तुकडा वीतभरही रुंद नसतो. चुनखडकातील भेगा, पाण्याने झिजून पडलेली छिद्रे आणि थरांची बदलती जाडी उघड्या कड्यावरच सलग पाहता येते. तेल आणि वायू साठतात ते याच छिद्रांत व भेगांत. १९५२ मध्ये बलुचिस्तानातील सुई येथे इओसीन काळाच्या चुनखडकात नैसर्गिक वायू सापडला. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. 'मुंबई हाय'चा तो मुख्य साठाही चुनखडकातच आहे.

१८७४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभलेल्या ब्लॅनफर्ड यांनी मेडलिकट यांच्यासह भारताच्या भूविज्ञानाचा आधारग्रंथ सिद्ध केला. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. २३ जून १९०५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा समुद्राखालचे ते तेल कोणाच्या कल्पनेतही नव्हते. बेसाल्टच्या छपराखाली काय असेल, हे कोडे आजही पूर्ण सुटलेले नाही. ते सोडवू पाहणाऱ्याला अजूनही आधी त्या छपराच्या कडेपर्यंत चालतच जावे लागते.