न्यायमूर्ती ॲनी जियागे : शाळेतून न्यायासनाकडे

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर केटा नावाचे गाव आहे. एका बाजूस खाऱ्या पाण्याचे सरोवर, दुसऱ्या बाजूस गिनीचे आखात आणि मध्ये वाळूचा अरुंद पट्टा, अशी त्याची जागा. समुद्र हा किनारा पिढ्यान्‌पिढ्या कुरतडत आलेला आहे. १९४० साली त्याने तेथील मुलींची शाळा गिळली. त्या शाळेची जबाबदारी विशीतल्या एका शिक्षिकेवर होती. तिचे नाव ॲनी रूथ बाएटा. पुढे हीच शिक्षिका न्यायमूर्ती ॲनी जियागे म्हणून आफ्रिकेच्या इतिहासात नोंदली गेली.

ॲनीबाईंचा जन्म ७ ऑक्टोबर १९१८ रोजी शेजारच्या टोगोलँडमध्ये, लोमे येथे झाला. वडील धर्मोपदेशक, आई शिक्षिका. घर शिकलेले होते, त्यामुळे येथे हलाखीची कहाणी रंगविण्याचे आम्हांस कारण नाही. तथापि लोमे फ्रेंच अमलाखाली गेले आणि मुलीचे शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे असे आईच्या मनात होते. म्हणून सरहद्दीपलीकडे, ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीतील केटा येथे आजीकडे तिची रवानगी झाली. एका आईच्या या निर्णयाचे महत्त्व चरित्रकाराने कमी लेखू नये. अचिमोटा महाविद्यालयातून १९३७ साली शिक्षकी प्रमाणपत्र मिळवून ॲनीबाई केट्यालाच शिकवू लागल्या.

शाळा वाहून गेल्यावर काय करावयाचे? सरकारच्या तोंडाकडे पाहात बसण्याचा मार्ग होताच. ॲनीबाईंनी गायकवृंद जमविला, मेंढपाळ दावीद याच्यावरील नाटक बसविले आणि हा सारा फड घेऊन गोल्ड कोस्ट व टोगोलँडमध्ये प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षे होती. या प्रयोगांच्या उत्पन्नातून नवी इमारत उभी राहिली. संस्थेच्या इमारतनिधीसाठी पावतीपुस्तक घेऊन ज्यांनी वस्त्या पालथ्या घातल्या आहेत, त्या आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना या कामाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

इमारत पुरी झाली आणि ॲनीबाईंनी शिक्षकी सोडली. १९४६ साली कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. या संस्थेचे नाव आपल्या वाचकांस परके नाही. सुमारे पाव शतकापूर्वी बाबासाहेबांनी तेथेच अध्ययन केले होते. गोल्ड कोस्टहून आलेल्या काही पुरुष विद्यार्थ्यांना मात्र एका बाईने कायदा शिकणे रुचले नाही. हा विषय स्त्रियांना झेपणारा नाही, त्यापेक्षा शिवणकाम शिकावे, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला देणारे गोरे नव्हते, स्वतःच्याच देशातील पारतंत्र्यात वाढलेले बांधव होते, हे आम्हांस मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ॲनीबाईंनी वाद घातला नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत नापास झाले तर परत जाईन, एवढेच त्यांनी सांगितले. १९४९ साली त्या पदवीधर झाल्या आणि १९५० साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर.

मायदेशी परतल्यावर काही काळ वकिली, १९५३ साली फ्रेड जियागे यांच्याशी विवाह, आणि नंतर दंडाधिकारीपद, असा क्रम झाला. १९५७ साली देश स्वतंत्र होऊन घाना झाला. १९६१ साली ॲनीबाई त्याच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. त्या पदावर बसलेली ती घानातील पहिली स्त्री. याच काळात यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या कामातून त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला होता. नोकरीच्या शोधात अक्रा शहरी येणाऱ्या तरुणींना सुरक्षित निवारा नसे. त्यांच्यासाठी वसतिगृह व्हावे म्हणून ॲनीबाईंनी थेट एन्क्रुमा यांच्याकडे शब्द टाकला व लोकांतूनही निधी गोळा केला.

संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयक आयोगावर त्यांनी १९६२ ते १९७२ घानाचे प्रतिनिधित्व केले व १९६८ साली अध्यक्षपद भूषविले. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याविषयीच्या जाहीरनाम्याचा मसुदा घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ७ नोव्हेंबर १९६७ रोजी आमसभेने तो स्वीकारला. जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे, कोणत्याही राष्ट्रावर तो बंधनकारक नव्हता. बंधनकारक करार येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. पण त्याचा पाया या अकरा कलमांतच घातलेला होता.

त्यांच्या कारकिर्दीतील बिकट भाग मात्र मायदेशातच आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमा यांची सत्ता उलथविली. पदच्युत राजवटीतील मंत्री व अधिकाऱ्यांच्या मालमत्तेची चौकशी करण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद ॲनीबाईंकडे आले. ज्यांनी बंदुकीच्या जोरावर सत्ता घेतली, त्यांच्या हुकमावरून न्यायाधीशाने चौकशी करावी काय? भ्रष्टाचाराची चौकशी आवश्यक होती, हे खरे; पण चौकशी करविणाऱ्यांची चौकशी कोणी करावयाची, हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. ॲनीबाईंनी न्यायासन सोडले नाही. १९६९ साली त्या अपील न्यायालयात गेल्या आणि १९८० साली त्या न्यायालयाच्या अध्यक्ष झाल्या. मधल्या काळात आणखी बंडे झाली. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्रिया व विकास यांविषयीच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी लष्करी राजवटीतच स्वीकारले.

मग ३० जून १९८२ ची रात्र आली. अक्रामध्ये संचारबंदी असताना उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना आणि एका निवृत्त मेजरला घरांतून उचलून नेण्यात आले व लष्कराच्या सरावाच्या मैदानावर गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्या तिघांत सिसिलिया कोरांटेंग-अडो ही स्त्री न्यायाधीश होती, तान्ह्या बाळाची आई. एन्क्रुमांच्या पतनानंतर सोळा वर्षांतच न्यायासनावरील माणसाला घराच्या दारातही संरक्षण उरले नव्हते. अपील न्यायालयाचे अध्यक्षपद तेव्हा ॲनीबाईंकडेच होते. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर जागतिक चर्च परिषदेच्या वर्णद्वेषविरोधी कार्यात त्यांनी लक्ष घातले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद तेव्हा संपावयाचा होता. १९९१ साली घानाच्या नव्या संविधानासाठी प्रस्ताव तयार करणारी तज्ज्ञ समिती नेमली गेली, तीत त्यांची निवड झाली. एप्रिल १९९२ मध्ये जनतेने सार्वमताने ते संविधान मंजूर केले. नोकरदार मातेला प्रसूतिकाळात पगारी रजा मिळावी, ही तरतूद त्याच्या सत्ताविसाव्या कलमात आहे. १२ जून १९९६ रोजी ॲनीबाईंचे निधन झाले, तेव्हा या संविधानाचा अंमल सुरू होऊन चौथे वर्ष चालू होते.